मेकॅनिकची सही

माणिक हटवार यांना विजेचं बटण दाबायची भीती वाटते. ज्या माणसानं चौतीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये मीटर आणि रेकॉर्डर दुरुस्त केले, त्याच्याबद्दल असं लिहायचं म्हणजे चमत्कारिकच. पण खोटं कशाला सांगा. दुरुस्ती झाली की ते तारा एकदा तपासत, मग पुन्हा तपासत, मग बटणावर बोट ठेवत, आणि त्या बोटाला कापरं भरे. दुरुस्ती शॉपमधले लोक त्यांना 'डबलचेक' म्हणत. शेजारच्या टेबलावरचा भैयालाल साहू तर रोज एकदा तरी म्हणे, "हटवार, बटन है, बिच्छू नहीं है." माणिकराव हसत आणि तिसऱ्यांदा तारा तपासत. त्यांच्या हाताखाली चौतीस वर्षांत कुणाला साधा चटका बसला नाही, ही गोष्ट निरोपसमारंभात मात्र कुणाला आठवली नाही. भित्र्या माणसाचे सत्कार असेच व्हायचे.

गंमत म्हणजे याच भीतीनं त्यांचं लग्न जमवलं.

ते १९७६ साल. कौशल्याचे वडील चंपतराव एका रशियन इंजिनिअरच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. त्या घरातल्या लिदा मॅडमकडे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन होता. शाळेच्या बाकाएवढी लाकडी पेटी, पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, वर रंगीत खटक्यांची रांग, खाली आवाज कमी-जास्त करायला पायाचं पेडल. मॅडमनं स्वयंपाक्याच्या मुलीला शेजारी बसवून शिकवलं, आणि मायदेशी परतताना हे ओझं कुठं न्यायचं म्हणून तिलाच देऊन टाकलं. दोन वर्षांत ऑर्गन मुका झाला. कुणीतरी चंपतरावांना सांगितलं, शॉपमध्ये भंडाऱ्याकडचा एक नवा मेकॅनिक आहे, त्याला रशियन अक्षरं वाचता येतात.

माणिक आला. मागची फळी काढून दुपारभर खपला, एक जळका रेझिस्टर बदलला, आणि बटणाशी येऊन थांबला. कौशल्या बाजूला उभी होती. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग सरळ त्याचं मनगट धरलं.

"हात कावून कापून राहिले तुमचे?" ती म्हणाली. "मी हाये ना."

आणि बटण तिनं दाबलं. चंपतराव स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. पुढचं बोलणं मोठ्या माणसांनी केलं.

लग्नानंतर ऑर्गन हटवारांच्या क्वार्टरमध्ये आला आणि त्याच्याबरोबर एक रीत आली. प्लांटमध्ये यंत्र उघडायचं तर आधी शटडाउन घ्यावं लागतं. यंत्र चालवणारा लाल टॅगवर सही करतो, म्हणजे यंत्र तुमच्या हवाली केलं. दुरुस्त करणारा त्याखाली सही करतो, म्हणजे माझे हात आत आहेत, बटणाला कुणी शिवू नका. ज्यांची नावं टॅगवर आहेत त्यांनीच तो काढायचा, दुसऱ्या कुणी नाही, मग तो कितीही मोठा साहेब का असेना. माणिकरावांनी हे जसंच्या तसं घरी आणलं. दर दिवाळीआधी ऑर्गनची साफसफाई निघे. ते लाल पुठ्ठ्याचा टॅग करत, 'ऑपरेशन'समोर कौशल्याबाई सही करत, 'मेंटेनन्स'समोर ते स्वतः, आणि टॅग प्लगला बांधला जाई. आतली धूळ ब्रशनं काढायची, पट्ट्यांखालचे संपर्क स्पिरिटनं पुसायचे, संध्याकाळी दोघांनी मिळून टॅग काढायचा. बटण बाई दाबत. मुलगी प्रेरणा लहानपणी मैत्रिणींना बोलावून हा सोहळा दाखवायची आणि सगळ्या मिळून फिदीफिदी हसायच्या.

एक दोष मात्र डबलचेकना कधीच सापडला नाही. वाजता वाजता ऑर्गन मधेच भुंग्यासारखा गुणगुणायला लागे. कौशल्याबाई वाजवणं न थांबवता डावा हात पेटीवरून मागे टाकत आणि मागच्या फळीवर एक थाप मारत. गुणगुण बंद. आत कुठली तार सैल होती ते देव जाणे. बाईंची थाप चाळीस वर्षं बरोबर जागेवर पडत राहिली.

मग कौशल्याबाई विसरू लागल्या.

आधी भाजीतलं मीठ. मग नातेवाइकांची नावं. मग एकदा गॅस उघडून काडी न लावताच त्या अंगणात जाऊन बसल्या. वास आला तेव्हा माणिकरावांनी धावत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवसापासून निवृत्तीनंतरच्या त्यांच्या कोहक्यातल्या घरात गॅसचं बटण दिवसातून वीसदा तपासलं जाऊ लागलं. रायपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढत जाईल म्हणाले. "किती?" असं माणिकरावांनी विचारलं, तर डॉक्टर चष्मा पुसत बसले.

माणिकरावांच्या मनात एकच भीती घर करून बसली आणि ती त्यांनी मुलीलासुद्धा सांगितली नाही. एक दिवस ही आपल्याकडे बघेल आणि विचारेल, तुमी कोण?

पण संध्याकाळचा एक तास अजून शाबूत होता. पाच वाजले की कौशल्याबाई आपणहून ऑर्गनवर जाऊन बसत. लिदा मॅडमनं शिकवलेल्या धुनांपैकी एकच उरली होती, बाळाला झोपवायची. ती त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता वाजवत, आणि संपली की वळून म्हणत, "अवो, चहा मांडू का?" त्यानंतर तासभर त्या पहिल्यासारख्या असत. प्रेरणाची चौकशी करत, नवऱ्याच्या भित्रेपणाची टर उडवत, भैयालालची नक्कल करत. साडेसहाच्या सुमारास पुन्हा सगळं पुसट होई. त्या एका तासाच्या जोरावर माणिकराव बाकीचे तेवीस काढत.

मार्च महिन्यात ऑर्गनचा एक सूर मेला.

लिदा मॅडमच्या बोलीत तो 'ला'. या जातीच्या ऑर्गनमध्ये बारा सुरांची बारा सर्किटं असतात. सर्वांत वरचा सूर सर्किट तयार करतं आणि खालचे सगळे त्याच्यातूनच निघतात. सर्किट गेलं की तो सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. बाळाची धून चौथ्याच बोटाला 'ला'वर येत होती. बोट पडलं आणि आवाज आला नाही. कौशल्याबाई थांबल्या. पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच खड्डा. असं सात वेळा झालं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "हेही गेलं माह्या डोक्यातून."

"तुह्या डोक्याले काई नाई झालं. मशीन बिघडली," माणिकराव म्हणाले. "एकच सूर गेला, बाकी सारे हायेत."

"नाई जी. बोटच विसरलं."

त्यांना किती समजावलं तरी दहा मिनिटांत समजावलेलं पुसलं जाई आणि खड्डा तेवढा राही. तिसऱ्या दिवसापासून त्या ऑर्गनकडे फिरकल्या नाहीत. संध्याकाळचा तासही गेला. पाचव्या दिवशी माणिकराव भाजी घेऊन घरात शिरले, तर बाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडे सरकल्या, परका पुरुष घरात आल्यावर सरकावं तशा. थोड्या वेळानं ओळखलं. तोवर भाजीची पिशवी धरून माणिकराव दारातच उभे राहिले होते, आणि त्या रात्रीपासून त्यांना आपल्याच घरात आत शिरायची धास्ती वाटू लागली. चप्पल काढण्याआधी ते बाहेरून हाक मारत, "मी हो, मी, माणिक."

बोरसीला राहणारी प्रेरणा नवीन कीबोर्ड घेऊन आली. "बाबा, उसको अब छोडो ना," ती म्हणाली. "याच्यात तर दोनशे आवाज हायेत." कौशल्याबाईंनी त्या हलक्या पट्ट्यांना बोट लावलं आणि काढून घेतलं. "हे खेळणं कोणाच्या लेकराचं होय?" त्यांनी विचारलं. प्रेरणा मागच्या अंगणात जाऊन रडली.

म्हणजे ऑर्गन उघडणं आलं. ते काम माणिकरावांना डोळे मिटून करता आलं असतं, आणि नेमकं म्हणूनच त्यांना घाम फुटत होता. आतले ट्रान्झिस्टर जुन्या रशियन बनावटीचे, टोपीच्या आकाराचे, जर्मेनियमचे. ते आता कुठं मिळत नाहीत, आणि नाजूकपणाच्या बाबतीत तर विचारूच नका. डाग देणाऱ्या सोल्डरिंग आयर्नची ऊब दोन क्षण जास्त लागली की कायमचे बसतात. तरुणपणी त्यांचा हात फक्त बटणाशी कापे. आता बहात्तराव्या वर्षी तो चहाच्या कपाशीही कापत होता. आज एक सूर मेलाय. आपल्या हातून आणखी चार मेले तर? मग ती कधीच वाजवणार नाही, आणि आपण आपल्याच हातानं तिला घालवली असं होईल. आठ दिवस ते ऑर्गनभोवती नुसते फिरले. झाकायचं कापड काढत, पुन्हा घालत.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी लाल पुठ्ठा कापला.

"कौशल्या, शटडाउन दे," ते म्हणाले आणि पेन पुढं केलं.

कौशल्याबाईंचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांनी 'ऑपरेशन'समोर पेन टेकवलं, 'कौ' काढला, आणि मान वर केली. "पुढं काय?"

माणिकरावांनी एकेक अक्षर सांगितलं. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी टॅग तिच्या हातून घेतला, प्लगला बांधला आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. प्लांटमध्ये तीनतीनदा बघणाऱ्या माणसानं त्या दिवशी टॅगकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नाही.

ऑर्गन भिंतीपासून ओढून त्यांनी मागची फळी काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आधी वीज उतरवली. सूर काढणारा भाग गरीब असतो, पण आवाज मोठा करणारा भाग जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा. तिथं तीनशे व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ साठून राहतात. मीटरचा काटा शून्यावर आल्यावरही त्यांनी आणखी पाच मिनिटं जाऊ दिली. 'ला'चं सर्किट शोधलं. ट्रान्झिस्टर मेला होता.

बदली आणायचा कुठून? यावर त्यांनी आठ दिवस विचार केला होता. बाळाच्या धुनेत कौशल्याबाई दोन काळ्या पट्ट्यांना कधीच शिवत नव्हत्या. त्यातल्या एकीचा ट्रान्झिस्टर काढून 'ला'ला द्यायचा. एक सूर मारून दुसरा उठवायचा. धून त्यांना पाठ होती, तरी तीनदा गुणगुणून त्यांनी खात्री केली की ती काळी पट्टी खरंच लागत नाही. मग चिमट्यानं ट्रान्झिस्टरचा पाय धरला, म्हणजे ऊब चिमट्यात जाते, श्वास रोखला आणि आयर्न टेकवलं. एक, दोन, काढलं. असे सहा डाग. शेवटचा झाला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि सदरा पाठीला चिकटला होता.

आता बटण दाबायचं राहिलं होतं. फळी बसवायच्या आधी एकदा आवाज काढून बघायला हवा, हे कुणीही सांगेल. ते प्लगपर्यंत गेले. परत आले. स्टुलावर बसले. मुका निघाला तर? अजून काही कळलेलं नाही तोवर निदान आशा आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच त्यांना आठवलं की घरात जादा फ्यूज नाही. फ्यूजशिवाय चाचणी कशी घ्यायची? घरकामाला येणाऱ्या रंभाला त्यांनी बाईंजवळ बसायला सांगितलं आणि पॉवर हाउसच्या बाजाराकडे निघाले. फ्यूज आणायला म्हणून निघालेला हा माणूस खरं तर पळून चालला होता.

फ्यूज पहिल्याच दुकानात मिळाला. तरी ते आणखी दोन दुकानं हिंडले. परतताना घड्याळ पाहिलं तर पाचला दहा कमी. पाच. बाईंना वार कळत नव्हता, महिना कळत नव्हता, पण पाच वाजलेले कळायचे. टॅग आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. टॅग असताना ती हात लावणार नाही. बाकी सगळं विसरेल, हे नाही विसरणार. ऑटोवाल्याला त्यांनी तीनदा घाई केली.

फाटकाशी उतरले आणि आवाज कानावर आला. बाळाची धून. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, आणि चौथं. 'ला' वाजला. स्वच्छ वाजला. या क्षणाला माणसानं आनंदानं रडायला हवं. माणिकराव फाटक ढकलून पळतच सुटले. मागची फळी भिंतीला टेकलेली होती. तीनशे व्होल्ट उघडे होते.

रंभा ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती हसून म्हणाली, "दाई ह लाल कागद ला खुदे हेर दिस. कहिस, येमा मोरेच नाव लिखाय हे."

बाईंनी टॅग स्वतःच काढला होता. त्यावर आपलंच नाव आहे म्हणाल्या, आणि ते खरं होतं. माणिकरावांच्या डोळ्यांसमोर तो पुठ्ठा उभा राहिला: वर 'कौशल्या', खाली 'मेंटेनन्स' आणि त्यापुढं कोरी रेघ. सही करायची त्यांचीच राहिली होती. बाई नियमाप्रमाणे वागल्या होत्या. नियम त्यांना आठवत होता. त्याच्यामागं काय उघडं पडलंय तेवढं आठवत नव्हतं.

ते खोलीच्या दारात पोचले आणि ऑर्गन गुणगुणायला लागला.

तीच जुनी भुंग्याची गुणगुण. कौशल्याबाईंनी उजव्या हातानं धून चालू ठेवली आणि डावा हात उचलला. ओरडलं असतं तर त्या दचकल्या असत्या आणि तो हात कुठंही पडला असता. प्लग पलीकडच्या भिंतीला होता. माणिकरावांनी विचार केला असं म्हणता येणार नाही. भिंतीला टेकवलेली फळी त्यांच्या हातात आली आणि त्यांनी ती ऑर्गनच्या पाठीला लावून छातीनं दाबून धरली. पुढच्याच क्षणी पलीकडून थाप पडली. लाकडावर. गुणगुण थांबली.

फळीला एकही स्क्रू नव्हता. ती सोडली तर पडणार, प्लग काढायचा तर सोडावी लागणार. शिवाय मधेच आवाज बंद झाला तर ती पुन्हा म्हणेल, बोटच विसरलं. म्हणून ते तसेच उभे राहिले. त्यांच्यामध्ये आणि त्या विजेमध्ये बोटभर जाडीचं लाकूड होतं, आणि हात इतके थरथरत होते की फळी पेटीवर तडतड वाजत होती. धून दोन मिनिटांची. त्यांना वाटलं आपण रिटायर झालो त्या दिवसापासून इथंच उभे आहोत. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. शेवटचा सूर लांबला, विरला, आणि त्यांनी बटण बंद केलं.

माणिकरावांनी फळी खाली ठेवली, जाऊन प्लग ओढला, आणि समोर येऊन थांबले. आता ती वळेल. आता म्हणेल, अवो, चहा मांडू का.

कौशल्याबाई वळल्या. त्यांनी माणिकरावांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पदर सारखा केला.

"झालं का भाऊ तुमचं काम?" त्यांनी विचारलं.

ज्याला माणिकराव इतकी वर्षं भ्यायले ते आलं होतं, आणि किती साध्या शब्दांत आलं होतं.

"चांगलं केलं," बाई म्हणाल्या. "पण तुमची सही राहिली. मेकॅनिकची सही नसली तर शटडाउन वापस होत नाई. आमच्या घरचे लय कडक हायेत या बाबतीत." मांडीवरचा लाल टॅग त्यांनी पुढं केला आणि पेनही दिलं.

माणिकरावांनी टॅग ऑर्गनच्या झाकणावर ठेवला. पेन टेकवायला गेले तर ते कागदाला लागेना. टोक हवेतच थरथरत राहिलं, इकडे तिकडे. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरला, तर दोन्ही कापायला लागले. बाई त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी हात पुढं केला आणि माणिकरावांचं मनगट धरलं.

"हात कावून कापून राहिले तुमचे?" त्या म्हणाल्या. मग मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "अवो, मी हाये ना."

माणिकरावांनी सही केली. नेहमीची फर्राटेदार सही नाही. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं आणि मोठं, उद्या तिला वाचता यावं म्हणून.